पावणेतीन ग्रॅमचा ताप

"पंखा बंद करा हो!"

मे महिन्यात संध्याकाळी आमच्या क्लबहाऊसचं दार उघडलं की पहिलं वाक्य हेच कानावर पडतं. ते टेबलाच्या कुठल्यातरी टोकाकडून येतं. बाकावर नंबर लावून बसलेल्यांकडून लगेच उत्तर जातं, "म्हणजे आम्ही काय उकडून मरायचं?" मग पंखा तीनवरून एकवर येतो आणि दोन्ही बाजू सारख्याच नाराज होतात.

हे क्लबहाऊस मानपाड्याचं. मानपाडा म्हटल्यावर कुठला, ते सांगावं लागतं. आमचा ठाण्यातला, घोडबंदर रोडवरचा. डोंबिवलीकर मानपाडा म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे स्टेशनपासून कल्याण-शीळ रस्त्याकडे जाणारा मानपाडा रोड असतो. पण या प्रकरणापुरता कुठलाही मानपाडा चालेल. दोन्हीकडे टॉवर उभे राहिले, टॉवरसोबत क्लबहाऊस आलं आणि क्लबहाऊसमध्ये टीटीचं टेबल आलं. त्या टेबलाभोवतीचे वैतागही दोन्हीकडे सारखेच आहेत.

गंमत म्हणजे यातला एकही वैताग नवा नाही. टेबल टेनिसच्या जागतिक संघटनेची स्थापना 1926 सालची, आणि संस्थापक सदस्य देशांत भारतही होता. तेव्हापासून या खेळाच्या नियमपुस्तकात जी कलमं शिरली, त्यातली बरीचशी कोणाच्या तरी चडफडण्यातून आलेली आहेत. आपण क्लबहाऊसमध्ये आज ज्यावरून भांडतो, त्यावर कोणीतरी कुठेतरी आधीच भांडून ठेवलेलं असतं.

पंख्याचं गणित

सुरुवात पंख्यापासूनच करू. टीटीचा चेंडू 40 मिलिमीटर व्यासाचा आणि 2.7 ग्रॅम वजनाचा, म्हणजे पावणेतीन ग्रॅमलाही थोडा कमीच. क्रिकेटचा चेंडू साधारण 160 ग्रॅमचा, त्यामुळे एका क्रिकेटच्या चेंडूच्या वजनात टीटीचे जवळजवळ साठ चेंडू बसतील. आकाराने मोठा आणि वजनाने नगण्य असा हा ऐवज हवेच्या तावडीत अलगद सापडतो.

हे किती, त्याचा अंदाज घेण्यासाठी टॉवरचाच उपयोग करू. पाचव्या मजल्यावरून हा चेंडू सोडला तर खाली येता येता त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास जातो आणि तिथेच थांबतो. ताशी सुमारे 32 किलोमीटर. पंचविसाव्या मजल्यावरून सोडला तरी तो एवढ्याच वेगाने खाली पोचेल, कारण या वेगाला हवेचा विरोध चेंडूच्या वजनाइतका होतो आणि वेग वाढायला वावच उरत नाही. विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून जोरदार स्मॅश मारून चेंडू सेकंदाला अठरा मीटरने सोडला, तर त्याला मागे खेचणारी हवा त्याच्या वजनाच्या चौपट जोर लावते. टीटी हा खेळ लाकूड आणि रबराचा वाटतो, पण तो निम्मा हवेचा आहे.

आता त्यात पंखा आणू. समजा पंख्याचा झोत सेकंदाला दोन मीटरने खाली येतोय आणि तुमचा साधा फटका सेकंदाला नऊ मीटरने चाललाय. टेबलाची लांबी 2.74 मीटर, ती ओलांडायला त्याला साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. ढोबळ हिशेब केला तर तेवढ्यात झोत चेंडूला त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतका जास्तीचा दाब देतो आणि चेंडू आठेक सेंटिमीटर खाली बसतो. नेटची उंची 15.25 सेंटिमीटर आहे. नेटला निसटता ओलांडणारा चेंडू नेटमध्ये अडकायला एवढं पुरेसं आहे. त्यामुळे "पंख्यामुळे गेला" ही सबब दरवेळी खोटी नसते. मात्र झोत दोघांनाही सारखाच लागतो आणि जिंकणाऱ्याने पंख्याची तक्रार केल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

पूर्वी चेंडू 38 मिलिमीटरचा आणि अडीच ग्रॅमचा होता. सिडनी ऑलिंपिकनंतर, ऑक्टोबर 2000 पासून तो 40 मिलिमीटरचा झाला. खेळ इतका वेगवान झाला होता की टीव्हीसमोर बसलेल्याला चेंडू दिसेना. चेंडू मोठा केला, हवेचा विरोध वाढला, खेळ किंचित मंदावला. प्रेक्षकांची अडचण दूर झाली आणि पंख्याखाली खेळणाऱ्यांच्या तापात थोडी भर पडली.

पावसाळ्यातलं रबर

जून लागला की पंख्याचा वाद मागे पडतो. येऊरच्या डोंगरावर ढग टेकतात, क्लबहाऊसच्या फरशीला ओल येते आणि एरवी हमखास पडणारा टॉपस्पिन सलग तीनदा नेटमध्ये जातो. खेळाडू बॅटकडे बघतो, मग बॅटवर तोंडाने वाफ सोडतो आणि रबर पँटला पुसतो. मे महिन्यात हा उपाय ठीक आहे, धूळ निघते. जुलैमध्ये तो आगीत तेल ओतण्यासारखा आहे, कारण अडचण ओलाव्याचीच असते.

टॉपस्पिनमध्ये रबर चेंडूला ठोकत नाही, घासतं. चेंडू क्षणभर रबराला धरून राहतो, त्या पकडीतून त्याला उचलही मिळते आणि फिरकीही. रबरावर ओलाव्याचा पातळ थर असला की पकड सुटते, चेंडू घसरतो, उचल मिळत नाही आणि तो सरळ नेटमध्ये जातो. यावर साधा उपाय म्हणजे कोरडा सुती रुमाल जवळ ठेवणे, दोन पॉइंटच्या मध्ये बॅट आणि चेंडू दोन्ही पुसणे, आणि दमट दिवशी घासून मारण्यापेक्षा थोडं सपाट मारणे.

टेबलही पावसाळ्यात रुसतं. प्लायवूड ओल धरतं, दोन भागांच्या मधला सांधा वरखाली होतो आणि कुठेतरी एखादी मेलेली जागा तयार होते. चेंडू तिथे पडला की उसळायचं सोडून बसतो. ती जागा ज्याला ठाऊक असते, तो बरोबर तिथेच टाकतो. टेबल चांगलं आहे की नाही, हे ठरवायला मुलांच्या कंपासमधली पट्टी पुरते. नियमानुसार 30 सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू टेबलावर सर्वत्र सुमारे 23 सेंटिमीटर उसळला पाहिजे. पट्टी उभी धरून सात-आठ ठिकाणी चेंडू सोडून बघावा. मग कळतं की ज्या टेबलावर सोसायटीची सर्वसाधारण सभा, वाढदिवसाचा केक आणि गणपतीच्या आराशीचा थर्माकोल ठेवला गेलाय, ते टेबल अजून किती खेळण्याजोगं आहे.

भिंतीचाही एक छळ असतो. आमच्या भिंती क्रीम रंगाच्या आणि चेंडू पांढरा. समोरचा पांढरा टी-शर्ट घालून आला की चेंडू त्याच्या पोटातून निघाल्यासारखा वाटतो. मोठ्या स्पर्धांत मागची पार्श्वभूमी गडद ठेवतात आणि खेळाडूच्या कपड्यांचा मुख्य रंग चेंडूच्या रंगापेक्षा स्पष्ट वेगळा लागतो. भिंत रंगवायला कमिटीची मंजुरी लागेल, टी-शर्ट बदलायला लागत नाही.

कडेला की बाजूला?

पंखा आणि पाऊस यांच्यावरून माणसं कुरकुरतात. कडेला लागलेल्या चेंडूवरून मैत्र्या तुटतात.

नियम स्पष्ट आहे. टेबलाचा वरचा पृष्ठभाग, त्याच्या काठाच्या धारेसह, खेळाचा भाग आहे. धारेखालची उभी बाजू नाही. चेंडू धारेला चाटून गेला तर फटका वैध, उभ्या बाजूला लागला तर पॉइंट समोरच्याचा. अडचण एवढीच की हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं आणि दोघांनाही आपापल्या सोयीचं दिसतं. अनुभवी पंच चेंडू कुठे लागला त्यापेक्षा लागल्यावर कुठे गेला ते बघतात. काठाला लागून चेंडू वर उडाला तर बहुधा धारेला लागलेला असतो. चेंडू टेबलाच्या पातळीच्या खालून आला आणि लागून खालीच गेला, तर तो बाजूला लागलेला असतो. ही एवढी कसोटी लक्षात ठेवली तरी निम्मे वाद मिटतात.

नेटचं दुखणं वेगळं. सर्व्हिस नेटला लागून पलीकडे नीट पडली तर लेट, पुन्हा सर्व्हिस. पण चालू रॅलीत चेंडू नेटला लागून पलीकडे टपकला तर फटका वैध, मग समोरच्याला कितीही धावावं लागो. यावर नियमपुस्तकात इलाज नाही, फक्त रिवाजात आहे. नशिबाने पॉइंट मिळाला की हात किंचित वर करून सॉरी म्हणायचं. ते मनापासून नसतं, हे दोघांनाही माहीत असतं. तरी हात वर केला नाही तर समोरच्याला झोंबतं.

मुंबईत हरवलेला आवाज

शेजारच्या हॉलमध्ये झुंबाचा क्लास सुरू झाला की आमच्या टेबलावर चुका वाढतात. कारण साधं आहे. टीटी डोळ्यांइतकाच कानांनी खेळला जातो. बॅटवर चेंडू कसा वाजला, त्यावरून तो किती जोरात आणि किती घासून आला याचा अंदाज येतो. चेंडूला बारीक चीर गेलेली असली तर तीसुद्धा आधी कानालाच कळते. 'टक' ऐवजी 'टप' असा बसका आवाज आला की चेंडू गेला समजायचं.

आवाज हरवल्यामुळे चिडलेल्या खेळाडूंची सर्वांत मोठी गर्दी मुंबईत जमली होती. फेब्रुवारी 1952 मध्ये जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच आशियात झाली, आणि ती मुंबईत. तोवर जवळपास सगळे बारीक दाण्यांचं साधं रबर लावलेल्या बॅटने खेळत. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. चेंडू स्पंजमध्ये रुते, आवाज न करता बाहेर पडे आणि अपेक्षेपेक्षा लवकर येऊन पोचे. युरोपच्या नामांकित खेळाडूंचे कान निकामी झाले. चष्मा लावणाऱ्या या किरकोळ बांध्याच्या खेळाडूने अंतिम फेरीत हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून पुरुष एकेरीचं विजेतेपद मिळवलं.

स्पंजवर बंदी घालावी की तो मोकळा सोडावा, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. 1959 मध्ये तोडगा निघाला. नुसता स्पंज बाद, पण वर रबर लावलेला स्पंज चालेल, आणि दोन्ही मिळून जाडी 4 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आज क्लबहाऊसमधल्या मुलाच्या हातात जी बॅट आहे ती या तोडग्याचीच आहे.

काकांची पिंपल

प्रत्येक क्लबहाऊसमध्ये एक काका असतात. वय साठीच्या पुढे, हालचाल बेताची, घाम नाही. समोर कॉलेजचा मुलगा जीव तोडून टॉपस्पिन मारतो. काका बॅट नुसती आडवी धरतात. चेंडू लटपटत परत येतो, मुलगा पुन्हा मारतो, आणि या वेळी तो नेटमध्ये. काकांच्या बॅटच्या एका बाजूला लांब दाण्यांचं रबर असतं. त्याला सगळे 'पिंपल' म्हणतात आणि शिवीसारखं म्हणतात.

या रबराचे दाणे लांब आणि लवचीक असतात. चेंडू लागला की ते वाकतात आणि चेंडूला धरत नाहीत. त्यामुळे तुम्ही दिलेली फिरकी जवळजवळ तशीच राहते, फक्त चेंडूच्या प्रवासाची दिशा उलटते. तुमच्याकडून जाताना जो टॉपस्पिन होता, तो तुमच्याकडे येताना उलटी फिरकी ठरतो. पेरावं तसं उगवतं ही म्हण इथे उफराटी होते. जितका जोरात टॉपस्पिन पेराल, तितका खोल खाली बसणारा चेंडू उगवेल. उपाय हाच की काकांना काही द्यायचंच नाही. फिरकी नसलेला सपाट चेंडू टाकला की परत येतो तोही बिनफिरकीचा.

पूर्वी याहून वाईट परिस्थिती होती. बॅटच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या स्वभावाचं पण एकाच रंगाचं रबर लावता येई. बॅट हातातल्या हातात फिरवली की कुठली बाजू लागली ते कळायचं नाही. समोरचा कान देऊन आवाजावरून ओळखायचा, म्हणून काही खेळाडू त्याच क्षणी जमिनीवर पाय आपटायचे. या छळाला 1986 मध्ये आळा बसला. एक बाजू लाल, दुसरी काळी, अशी सक्ती झाली. आता लालऐवजी निळा, हिरवा, जांभळा किंवा गुलाबीही चालतो, पण दुसरी बाजू काळीच हवी. काकांची बॅट हातात घेऊन बघायचा तुम्हाला हक्क आहे. खेळ सुरू होण्याआधी एकमेकांची बॅट तपासणं हा नियमच आहे, संशय नव्हे.

पिंपल ही फक्त निवृत्तांची क्लृप्ती आहे, असंही समजू नये. भारताची मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचंच रबर वापरते. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सिंगापूरच्या फेंग तियानवेईला सांघिक अंतिम सामन्यात आणि नंतर एकेरीतही हरवलं. सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या त्या भारतीय संघात आपल्या ठाण्याची मधुरिका पाटकरही होती.

सर्व्हिसचीही अशीच कुळकथा आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेचे सोल शिफसारखे खेळाडू सर्व्हिस करताना बोटांनी चेंडूला असा पीळ देत की समोरच्याला बॅट लावणंही अवघड व्हायचं. म्हणून आज चेंडू उघड्या तळहातावर ठेवून निदान 16 सेंटिमीटर सरळ वर उडवावा लागतो. पुढे लोक खांद्याआड किंवा हाताआड चेंडू लपवू लागले. 2002 पासून तेही बंद झालं, सर्व्हिस समोरच्याला पूर्ण दिसलीच पाहिजे. क्लबहाऊसमध्ये मात्र निम्मी मंडळी चेंडू हातातूनच मारतात. त्यांना टोकलं तर "आपण काय ऑलिंपिकला चाललोय का?" हे उत्तर तयार असतं. ते 10-10 झाल्यावर ऐकावं लागलं की जास्त लागतं.

ढकलणारे

पिंपलवाल्यांनंतर शाप मिळतात ते ढकलणाऱ्यांना. हे कधी मारत नाहीत आणि कधी चुकतही नाहीत. चेंडू फक्त पलीकडे ढकलतात. शेवटी समोरचा कंटाळून मारतो आणि चुकतो.

1936 मध्ये प्रागच्या जागतिक स्पर्धेत असे दोन खेळाडू समोरासमोर आले. पोलंडचा अलोइझी एर्लिख आणि रुमेनियाचा फार्कास पानेथ. त्यांचा पहिलाच पॉइंट दोन तासांहून अधिक वेळ चालला. दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रियात बाडेनला महिलांची अंतिम लढत वेळेत संपली नाही, म्हणून विजेतेपद कोणालाच दिलं गेलं नाही. रुथ अ‍ॅरन्स आणि त्रुदे प्रित्झी या दोघींना संयुक्त विजेत्या ठरवायला 2001 साल उजाडलं. त्या प्रकारांनंतर नेट पाऊण इंचाने खाली आलं, म्हणजे मारणाऱ्याला वाव मिळाला, आणि वेळेचे नियम कडक झाले. आज एखादा गेम दहा मिनिटं चालूनही दोघांचे मिळून अठरा पॉइंट झाले नसतील तर वेगळा नियम लागू होतो. दोघं एकेक सर्व्हिस आळीपाळीने करतात आणि समोरच्याने तेरा वेळा चेंडू परत केला तर पॉइंट त्याचा. बाकावर ताटकळणाऱ्यांनी हा नियम पाठ करून ठेवावा.

चेंडू आणायचा कोणी?

सर्वांत जुनी कटकट मात्र कुठल्याच नियमात बसलेली नाही. चेंडू सोफ्याखाली गेला तर आणायचा कोणी? घरंगळताना या हलक्या पोकळ चेंडूला गुळगुळीत टाइल्सवर फारसं काही अडवत नाही, म्हणून तो थेट कोपरा गाठतो. हरलेल्याने आणावा, असं जिंकलेला म्हणतो. ज्याच्या बाजूला गेला त्याने आणावा, असं हरलेला म्हणतो. शेवटी चेंडू कुठलंतरी लहान मूल आणतं आणि बक्षीस म्हणून एक सर्व्हिस मागतं.

कधी मूल चेंडू आणायच्या आधीच कोणाचा तरी पाय त्यावर पडतो. पूर्वीच्या सेल्युलॉइडच्या चेंडूला नुसता पोचा आला असेल तर तो उकळत्या पाण्यात टाकत. आतली हवा तापून फुगायची आणि पोचा बाहेर यायचा. सेल्युलॉइड सहज पेट घेणारं, म्हणून हा खटाटोप जपूनच करावा लागे. 2014 पासून मोठ्या स्पर्धांत प्लास्टिकचे चेंडू आले. पाय पडून चीर गेली की मात्र दोन्हींवर इलाज नाही.

आमच्याकडे गेल्या वर्षी कमिटीने नियमांचा फलक लावला. बूट हवेत, टेबलावर बसू नये, एका जोडीने सलग दोनच गेम खेळावेत, अशी छापील कलमं आहेत. त्याखाली कोणीतरी पेनाने लिहिलं आहे, "10-10 झाल्यावर पंखा बंद." हे कोणी ठरवलं ते कोणालाच सांगता येत नाही, पण पाळतात सगळे. ड्यूस झाला की बाकावरचाच कोणीतरी न सांगता उठतो आणि पंख्याचं बटण खाली करतो. पाती थांबेपर्यंत कोणी सर्व्हिस करत नाही. सगळे वर बघत, घाम पुसत उभे राहतात.